बाविसावा दगड

झरीच्या माळावरच्या वर्तुळात दगड एकवीस होते : एकोणीस सरळ, दोन कललेले. रामलिंगने ते दोनदा मोजले आणि प्रत्येकावर चुन्याने आकडा घातला. बी.एस्सी. होऊन पुराणवस्तू खात्यात लागल्यावरचं हे त्याचं पहिलंच काम, आणि परवा मोठे साहेब ते तपासायला येणार होते.

मेंढ्या वळता वळता भिवराबाई जवळ आली. "सायेब, काय करायलाव?"

"मावशी, हे फार जुन्या काळच्या माणसाचं थडगं आहे. आता इथला दगड कुणी हलवायचा नाही. सरकारचा हुकूम."

"कुनीच न्हाई? दीर बी न्हाई?"

"दीरसुद्धा नाही," रामलिंग हसून म्हणाला. दिराची चौकशी करायचं त्याला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी दगड बावीस भरले. त्याने उलटीकडून मोजले, तरी बावीसच. बाविसाव्यावर चुना नव्हता, भंडारा होता; मेलेल्या माणसाच्या नावाने शेतात पुजतात तसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी पंचवीस. गावातल्या चंद्रभानने बाप आणला होता, कडूबाईने सासू, आणि कुणीतरी आपला मेलेला लाडका बैल.

"अहो, हे सरकारी थडगं आहे!" रामलिंग ओरडला.

"मग आमचा बा काय बेवारस हाय?" चंद्रभान म्हणाला.

साहेब दुपारी येणार. रामलिंगने हातापाया पडून एकेकाला वळवलं. चंद्रभानने कुरकुरत बाप खांद्यावर घेतला. "चला सासूबाई," कडूबाई म्हणाली, "जित्तेपनी तरी तुमचं कुठं कुनाशी जमलं?" बैलही गेला. भिवराबाई तेवढी हलली नाही.

"मावशी, तुमचाही न्या. माझी नोकरी जाईल हो."

"न्हेते की. पन कुठं न्हेऊ? धन्याचा दगड बांधावर व्हता. औताला आडवा येतो म्हनून दिरानं उपटून मोटंच्या थारोळ्यात टाकला. दिवसभर अंगावर पानी पडायलं व्हतं." तिने पदराने दगड पुसला. "त्यान्ला गार पानी सोसायचं न्हाई, लेकरा."

रामलिंग बराच वेळ टेप गुंडाळत बसला. मग दोघांनी मिळून तो दगड वर्तुळाबाहेर, पूर्वेच्या बोरीखाली नेऊन उभा केला.

दुपारी साहेबांनी स्वतः दगड मोजले. एकवीस. मान डोलावून त्यांनी विचारलं, "संरक्षित हद्द किती धरलीत?"

"वर्तुळापासून उत्तरेला दहा फूट," रामलिंग म्हणाला. "दक्षिणेला दहा, पश्चिमेला दहा. पूर्वेला साडेतेरा."