खंडारे सरांचं हडप्पा

आमच्या खंडारे सरांनी हडप्पात संत्री लावली. खेळाच्या पटावर, विहिरीशेजारी, चांगली केशरी रंगवून. मी म्हटलं, "सर, तिथं संत्री नव्हती हो." तर म्हणे, "मॅडम, शेंदूरजनाघाटचा मानूस हाय मी. संत्र्याशिवाय मले गावच काढता येत नाई."

चांदूर बाजारच्या आमच्या शाळेत सर इतिहास शिकवतात, मी गणित. धडा वाचताना पोरं पेंगतात म्हणून सरांनी हडप्पातल्या लेकरांचा एक दिवस खेळात बसवला. फासा टाका, पाणी भरा, मातीची गाडी करा, संध्याकाळी घरी या. मधल्या सुट्टीत आम्ही डबे उघडले की सर पट पसरणार. एकदा हेडसर त्यातल्या गटारात पडले, तर "बाकीचे पोट्टे येऊन काढतीन तवा निघा" म्हणून सरांनी त्यांना घंटा होईपर्यंत आतच ठेवलं. बिचारे गटारात बसून पोळी-भाजी खात होते.

हा खेळ जिल्ह्याच्या प्रदर्शनाला जावा, एवढंच सरांच्या मनात. महिनाभर दुसरं बोलणं नाही. पण शेवटच्या घरात घोळ होता. तिथं दारात आई काढलेली आणि नियम असा, की पहिला पोचणारा जिंकत नाही. सगळी लेकरं आल्याशिवाय आई ताटं वाढत नाही.

हेडसर म्हणाले, "पहिला पोचेल तो जिंकला असं करा, नाहीतर खेळ पाठवत नाही."

"मंग राहू द्या," म्हणत सरांनी पट गुंडाळला.

मला असा राग आला. एवढी मेहनत, आणि एका नियमापायी पाणी सोडायचं? "काहून हट्ट करून राहिले, सर?"

"मॅडम, माही माय लोकाच्या वावरात निंदाले जाये. शाळेतून आलो का घराले कुलूप. पूर्‍या मोहल्ल्यात पहिले घरी पोचणारा मीच. त्याच्यात जितल्यासारखं काय हाय?" मग हळूच म्हणाले, "आताबी कुलूप मीच उघडतो."

सरांनी लग्न केलं नाही, माय केव्हाच गेली. मी म्हटलं, "आज जेवायला आमच्याकडे या. पट घेऊन या."

सर आले. माझ्या दोन्ही पोरी भराभर पोचल्या, मीही पोचले. सरांची सोंगटी अजून मागेच. भूक लागली म्हणून मी ताटं घ्यायला उठले, तर धाकटी म्हणाली, "आई, थांब. सर यायचे आहेत."

सर फासा मुठीत धरून बसले. टाकेचनात.