राक्षसांच्या राजाला चार भोकं होती

चाळीस हजार राक्षसांना मी एका दुपारी पळवून लावलं आहे, आणि तेही चष्मा डोक्यावर सरकवून. खोटं वाटत असेल तर दातांच्या डॉक्टरांना विचारा. ते तिथेच होते, टेबलाखाली.

आधी खेळ सांगते. माझी नात एक गोष्ट रचून सांगते. आपण त्या गोष्टीतलं एक माणूस व्हायचं आणि आपण काय करतो ते बोलायचं. जमलं की फसलं, ते वीस बाजूंचा फासा ठरवतो; आकडा मोठा तेवढं बरं. आठवड्यातून एक दुपार आम्ही माझ्या शिवणकामाच्या दुकानात, कापड बेतायच्या टेबलाभोवती बसतो. वरच्या मजल्यावरचे दातांचे डॉक्टर गोष्टीत जादूगार आहेत. घरोघरी पार्सलं पोचवणारा दाढीवाला तिरंदाज आहे. आणि मी कुऱ्हाडवाली.

ही कुऱ्हाडवाली मी शून्यातून उभी केली. आधी तिच्याकडे फाटकं जाकीट आणि बोथट कुऱ्हाड होती, आणि ती गोदामातले उंदीर मारायची. तिथून तिला मी सेनापतीपर्यंत नेलं. तिच्या ताकदीचा आणि हत्यारांचा कागद मी माझ्या हाताने लिहिला. अक्षरं मी साठीनंतर गिरवली, त्यामुळे नुसतं ‘कुऱ्हाड’ लिहायला अख्खी संध्याकाळ गेली होती. अशा मेहनतीची बाई मरू द्यायची नाही, हे मी ठरवूनच बसले होते. कारण मेली की ती संपली. नवीन माणूस घ्यायचं आणि पुन्हा पहिल्या पायरीवर उभं राहायचं.

त्या दुपारी मोठी लढाई होती. राक्षसांनी शहराला वेढा घातला होता. एवढी फौज मांडणार कशाने? नातीने माझे बटणांचे डबे टेबलावर उपडे केले. शर्टाची पांढरी बटणं आपले शिपाई. पितळी बटणं घोडदळ. कोटाच्या बाहीची काळी बटणं राक्षस, एक बटण म्हणजे हजार. आणि त्यांचा राजा म्हणजे कोटाच्या पुढचं मोठं, काळं, चार भोकांचं बटण. त्या गर्दीत ते असं बसलं होतं, जसा काही सगळा डबा त्याच्या बापाचा.

सुरुवातीलाच डॉक्टर भांडले. “माझा जादूगार बुरुजावर होता.”

“तो खंदकात आहे, डॉक्टर. हा बघा,” नात म्हणाली.

“माझ्या मनात तो बुरुजावर होता.”

“मनातलं चालणार नाही. टेबलावर दिसतं तेच खरं. सगळ्यांना. मलासुद्धा.”

लढाई जुंपली आणि आमची दाणादाण उडाली. घोडदळ कात्रीपलीकडे पळालं. दाढीवाल्याचे बाण संपले. डॉक्टरांचा जादूगार बेशुद्ध पडला. वेशीत उरली एकटी कुऱ्हाडवाली, जीव मुठीत धरून. समोर राजा.

“आजी, आता राजाची पाळी,” नात हळूच म्हणाली. “तो गदा उचलतोय.”

तेवढ्यात दुकानाचं दार उघडलं. कोपऱ्यावरचे वकील धापा टाकत आत आले.

“आजी, पटकन. कोटाचं पुढचं बटण तुटलं. आत्ता कोर्टात उभं राहायचंय.”

“वकीलसाहेब, जरा थांबा. इथे शहर पडतंय.”

“कुठलं शहर?”

“आजी, गिऱ्हाईक आधी,” नात म्हणाली. “राजा थांबेल.”

मी कोट घेतला. चष्मा डोक्यावरच राहिला. माझे हात आता मला विचारत नाहीत. सुई ओवली, बटण उचललं, टाके घातले, गाठ मारली, दोरा तोडला. हात कोटावर होते, पण मी वेशीत उभी राहून गदा कुठून येते ते बघत होते. वकील गेले. मी येऊन बसले.

नातीने फासा टाकला. वीस पडले. त्याहून मोठा आकडा फाशावर नाही.

“आजी, सॉरी गं,” म्हणत तिने राजाला पुढे सरकवायला हात नेला, आणि हात तसाच राहिला. राजा जागेवर नव्हता.

“डॉक्टर, राजा द्या.”

“मी कशाला घेऊ? मी बेशुद्ध आहे.”

“जादूगार बेशुद्ध आहे. तुमचे हात चालू आहेत.”

“घ्या झडती,” म्हणत डॉक्टर स्वतःच टेबलाखाली शिरले. दाढीवाल्याने सगळे खिसे उलटे केले. चिंध्यांची टोपली झाडून झाली, मशीन उचलून झालं. माझ्या बाहीला टोचलेल्या सुईतून काळा दोरा लोंबत होता. नातीने तो बघितला.

“आजी, वकिलांना कुठलं बटण लावलंस?”

“काळं.”

“कुठलं काळं?”

“हाताशी होतं ते.”

दाढीवाला स्कूटर काढून सुसाट गेला. थोड्या वेळाने त्याचा फोन आला. तो कुजबुजत होता.

“राजा दिसला. न्यायाधीशांसमोर उभा आहे. भाडेकरूच्या बाजूने.”

“काढून आण,” नात म्हणाली.

“कसा काढू? वकील एवढे हातवारे करतायत, तरी तो पोटावरून हलत नाही. आजींनी लावलेलं बटण कधी तुटलंय का?”

खरं सांगते, शहर पडत असताना हे ऐकून मला बरं वाटलं.

टेबलाखालून डॉक्टरांचा आवाज आला. “टेबलावर दिसतं तेच खरं. राजा टेबलावर दिसत नाही.”

“तो कोर्टात आहे.”

“म्हणजे रणांगण सोडून गेला.”

नात लालबुंद झाली. या लढाईसाठी तिने महिनाभर नकाशे काढले होते. दुसरं बटण ठेवून आम्हाला गप्प बसवणं तिला सहज जमलं असतं. पण नियम तिचा होता, आणि ती माझी नात आहे.

“राजा पळाला की फौजेच्या हिमतीचा फासा पडतो,” ती म्हणाली. “तूच टाक, आजी. माझ्याने होणार नाही.”

मी टाकला. एक पडला. पहिली रांग वळली, तिला बघून दुसरी वळली, आणि मागच्यांनी तर कारणही विचारलं नाही. सगळ्या राक्षसांना मी तळहाताने टेबलाच्या कडेला ओढलं, डब्यात भरलं आणि वर झाकण लावलं. डॉक्टर उठून टाळ्या वाजवायला गेले आणि त्यांचं डोकं टेबलावर आपटलं.

मग नातीने शेवट सांगितला. वेशीचे दरवाजे उघडले. लोकांनी कुऱ्हाडवालीला खांद्यावर घेतलं. शहराची गादी रिकामीच होती. तिच्यावर तिला बसवून मुकुट घातला. माझा ऊर भरून आला.

“मग आता राणीने कुठल्या मोहिमेवर जायचं?” मी विचारलं.

“राणी मोहिमेवर जात नाही, आजी. ती राज्य करते. तिचं पुढचं मी सांगेन. तू नवीन माणूस घे.”

“अगं, मी मेले नाही. मी जिंकले.”

“म्हणून तर.”

तेव्हा मंडळी, त्या शहरात चौकाच्या मधोमध आज माझा पुतळा आहे, कुऱ्हाडीसकट. परवाच आम्ही तिथून गेलो. जादूगार पुढे, तिरंदाज त्याच्या मागे, आणि सगळ्यात शेवटी मी. पुतळ्यासमोर मी दोन क्षण मान ताठ करून उभी राहिले.

“ए खेचरवाली,” डॉक्टर म्हणाले, “सामान घसरतंय. बघ जरा.”