शिरगुप्प्यांची गोळी

लखनौच्या वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या बिल्डिंगमधून कुणी बॅग घेऊन बाहेर पडताना दिसला, की वरच्या गॅलरीतून आवाज येतो, "टेस्ट झाली? गोळी घेतली?"

हे शिरगुप्पे. मूळ सांगलीचे, रेल्वेत सिग्नलचे इंजिनियर, वय पन्नाशीच्या पुढे, लग्न नाही. गोळी म्हणजे 'प्रेप'. एचआयव्हीची लागण होऊच नये म्हणून आधीपासून घ्यायची. मी बँकेच्या ऑडिटला गोरखपूरला निघालो तेव्हा हा प्रश्न त्यांनी माझ्या सासूबाईंसमोर विचारला. सासूबाईंना वाटलं, गाडी लागते त्याची गोळी असेल. त्यांनी मला घ्यायचा फार आग्रह केला.

"लाज घरी ठेवा, गोळी बॅगेत ठेवा," हे शिरगुप्प्यांचं ब्रीदवाक्य. ते ऑटोवाल्यालासुद्धा हिंदी करून ऐकवतात.

दिवाळीच्या फराळाला इथल्या मराठी मंडळाने त्यांना 'प्रवासात घ्यायची काळजी' या विषयावर बोलायला सांगितलं. रेल्वेतला माणूस, बर्थखाली बॅगेला साखळी कशी बांधावी ते सांगेल, अशी सेक्रेटरींची अपेक्षा. शिरगुप्प्यांनी माइक हातात घेतला.

"राव, आपण बदलीवर, टूरवर, साइटवर महिनोन्‌महिने घराबाहेर असतो. बाहेर काय काय होतं ते कुणाला ठाऊकच नाही, असा चेहरा करू नका! आधी टेस्ट. मग डॉक्टर सांगेल तशी गोळी. दर तीन महिन्यांनी परत टेस्ट. आणि कंडोम सोडायचा नाही हाँ, बाकीचे रोग ही गोळी अडवत नाही!"

कुलकर्णी काकूंच्या हातातली चकली खाली पडली. मागून एका आजोबांनी विचारलं, "डायबेटिसवाल्यांना चालते का?"

"किडनी तपासून!" शिरगुप्पे माइकवरून गरजले.

सेक्रेटरींनी घाम पुसत विषय आवरायला घेतला. "पण तुम्हाला स्वतःला तर काही... म्हणजे तुम्ही..."

"रोज घेतो. नाश्त्याबरोबर."

झालं! त्या दिवसापासून त्यांच्यासाठी मुलींचे फोटो घेऊन येणाऱ्या बायका जिना चढेनाशा झाल्या. "हा साइड इफेक्ट डॉक्टरने सांगितला नव्हता, यार," असं म्हणून शिरगुप्पे खदाखदा हसले.

पण जेवणाची आमंत्रणंही बंद झाली, आणि ते त्यांना लागलं. सणाच्या दिवशी कुणाच्या तरी घरी पाटावर बसून पोटभर जेवणं, एवढीच काय ती त्यांची चैन. संक्रांतीला गुळपोळ्यांचा वास जिनाभर दरवळत होता आणि हा माणूस गॅलरीत बसून खिचडी खात होता. मला फार वाईट वाटलं.

गंमत म्हणजे, बोलावत कुणी नसलं तरी विचारायला येणारे वाढले. एकेक जण जिन्यात गाठायचा. "एका मित्रासाठी विचारायचं होतं." शिरगुप्पे गंभीरपणे हजरतगंजातल्या डॉक्टरचा पत्ता द्यायचे. "मित्राला म्हणावं, आधी टेस्ट." लखनौतल्या मराठी माणसांना इतके मित्र आहेत, हे मला तेव्हाच कळलं. सेक्रेटरींना तर दोन होते.

होळी आली. माझी बायको म्हणाली, "त्यांच्या गोळीशी मला काय करायचंय? माणूस पुरणपोळी किती आवडीने खातो!" आणि ती स्वतः वर जाऊन त्यांना बोलावून आली.

संध्याकाळी शिरगुप्पे आमच्या दारात उभे. आत येईनात.

"वहिनी, एक सांगायचं होतं. कानपूरचा महेंद्र. रविवारी येतो बघा माझ्याकडे."

"तुमचे मित्र ना?"

"मित्र नव्हे. माझा माणूस आहे तो." ते उंबरठ्याकडे बघत म्हणाले, "साइटवर असताना त्याला एचआयव्ही झाला. या गोळीचं त्याला तेव्हा कुणी सांगितलंच नाही. आता औषधं चालू आहेत, ठणठणीत आहे. पण त्याच्यामुळेच मी ही घेतो."

शिरगुप्पे पुढे बोलत राहिले.

"सण आला की मी त्याला सांगतो, येऊ नको, मला लोकांनी जेवायला बोलावलंय. इतकी वर्षं मी इथं पंगतीला बसलो आणि तो तिकडं एकटा जेवला. या खेपेला त्यालाही... म्हणजे, नाही म्हणालात तरी मला राग नाही."

मी काहीतरी बोलणार, तोवर बायकोने विचारलं, "कटाची आमटी तिखट चालते का हो त्यांना?"



"कमी," शिरगुप्पे कसंबसं म्हणाले. "त्याला... त्याला कमी लागतं, वहिनी."

आणि आमच्या दारातच लहान मुलासारखे रडायला लागले.