आण्णा आणि घाईची नस

आमचे घरमालक आण्णा भेटल्यावर नमस्कार करत नाहीत, मनगट मागतात. जिन्यात भेटा नाहीतर दूध आणायला निघालेले असा, "हात बघू" म्हणून तुमच्या मनगटावर आपली बर्फासारखी गार बोटं ठेवतात आणि डोळे मिटून घेतात. मग निकाल देतात, "लई घाई हाय तुमच्यात, पाव्हणं."

पाव्हणं म्हणजे पुण्याजवळच्या या रावेतच्या बाहेरून आलेलं कुणीही. आण्णा इथल्या जुन्या शेतकरी घरातले. जिथं ज्वारी घ्यायचे तिथंच आता त्यांची तीन मजली बिल्डिंग आहे. खाली ते एकटे राहतात आणि वर आम्ही भाडेकरू. माझा नवरा संदीप चाकणला कंपनीत शिफ्टला जातो. आम्ही मूळचे लातूरचे, म्हणून आम्ही जरा जास्तच पाव्हणं.

नाडीचं हे वेड त्यांना एका गोळीनं लावलं. आण्णांचे हात तरुणपणापासून कापायचे. चहाचा कप उचलला की निम्मा चहा बशीत. लोकांना वाटायचं, म्हातारा सकाळीच 'घेऊन' बसलाय. साधी सुपारीही न खाणारा हा माणूस त्यावर काही बोलायचा नाही. कुणाकडे गेला की "चहा सोडलाय" एवढंच सांगायचा. शेवटी निगडीच्या एका डॉक्टरांनी हा कंपाचा आजार आहे हे ओळखलं, प्रोप्रानोलोल नावाची गोळी सुरू केली आणि रोज नाडी मोजायला सांगितली. कंप पुरता गेला नाही, पण कप तोंडापर्यंत पोचायला लागला. त्या आठवड्यात आण्णा बिल्डिंगमधल्या प्रत्येक घरी चहा पिऊन आले. आमच्याकडे दोनदा.

ती गोळी काय करते, हे त्यांनी मला जिन्यात उभं राहून समजावलं होतं. "अंगात एक घाईची नस असती बघ. कुत्रं मागं लागलं की ती काळजाला वरडती, पळ, पळ! गोळी काय करती, काळजाच्या कानात बोळा घालती. नस वरडती, पर ह्याला ऐकूच येत न्हाई."

बोळ्याचे परिणाम आम्ही भाडेकरूंनीही भोगले. हातपाय गार पडायचे म्हणून आण्णा एप्रिलात स्वेटर घालून फिरायचे. गेटसमोर कुणी गाडी लावली की पूर्वी गल्ली दणाणायची. आता राग यायचा, पण छातीत धडधड व्हायची नाही, आणि धडधडीशिवाय आण्णांना शिव्याच सुचेनात. एका कॅबवाल्याला त्यांनी इतक्या संथ लयीत झापलं, की तो गाडी बंद करून "काका, पाणी मिळेल का?" म्हणत आत येऊन बसला. स्वप्नंही चमत्कारिक पडायची. ती सकाळी कट्ट्यावर सगळ्यांना ऐकावी लागायची. "काल बघितलं, हिंजवडीचा कायम तुंबलेला रस्ता मोकळा. एक गाडी न्हाई! घाबरून जागा झालो."

हे सगळं मी हसतच ऐकत होते. मग आमची ओवी झाली.

ती काही आठवड्यांची असताना तिच्या वरच्या पापणीवर लाल ठिपका दिसला. बघता बघता त्याची गाठ झाली, लालभडक आणि मऊ. पापणी खाली यायला लागली. बालरोगतज्ज्ञ बाई म्हणाल्या, "रक्तवाहिन्यांची गाठ आहे, जिवाला धोका नाही. पण डोळा असाच झाकून राहिला तर नजर अधू होईल. औषध आहे, प्रोप्रानोलोल. पहिला डोस इथं दवाखान्यात, आमच्या नजरेखाली देऊ."

संदीपनं मोबाइलवर नाव शोधलं आणि त्याचा चेहरा उतरला. "हार्टचं औषध आहे गं हे. एवढ्याशा जिवाला?" विचार करून सांगतो म्हणून आम्ही परतलो. जिन्यात मला रडू आवरेना. आण्णा बाहेर आले. मी औषधाचं नाव सांगितलं.

"अगं, ही तर माझी गोळी!" त्यांच्या आवाजात एवढा आनंद होता, जसं काही गावाकडचं कुणी भेटलं. मग त्यांनी ओवीच्या डोळ्याकडं बघितलं. "मी म्हातारा हाय पोरी. माझं चाललं म्हणून लेकराचं चालंल, असं मी कसं म्हणू? चल, त्या बाईलाच इचारू."

आणि ते खरंच आमच्याबरोबर आले, स्वेटर घालून. आम्हाला सुचले नव्हते ते प्रश्न त्यांनी विचारले. हात गार पडतील का? झोप जास्त येईल का? बाईंनी न कंटाळता उत्तरं दिली आणि एक गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. औषध पोट भरलेलं असतानाच द्यायचं, नाहीतर रक्तातली साखर उतरते. बाळ पीत नसेल, उलट्या होत असतील किंवा छाती वाजत असेल, तर डोस थांबवून लगेच फोन करायचा.

पहिला डोस तिथंच दिला. ओवी नाडी मोजणाऱ्या मशीनच्या टिकटिकीत शांत झोपली होती. संदीप भिंतीला टेकून उभा होता, त्याचं मनगट आण्णांच्या हातात. "तिची न्हाई, तुमची नाडी पळतीया," आण्णा म्हणाले.

घरी आल्यावर डोसाची वेळ झाली की खालून हाक यायची, "पाजलं का गं?" गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जायची. समोरचा इस्त्रीवालाही मग मान वर करून बघायचा. मी लाजेनं लाल व्हायचे. पण अर्धवट झोपेत एकदा मी औषधाची सिरिंज भरून बसले होते, आणि त्या हाकेनं भानावर येऊन उपाशी ओवीला आधी छातीशी घेतलं. त्या दिवसापासून लाज वाटणं बंद झालं.

गाठीचा लाल रंग हळूहळू करडा झाला. ती बसत गेली. एका दुपारी ओवीनं दोन्ही डोळे सारखे उघडून माझ्याकडं बघितलं. मी तशीच तिला घेऊन खाली धावले.

"घ्या ना आण्णा."

ते दोन पावलं मागं सरकले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, इतक्या दिवसांत त्यांनी तिच्या मुठीला एक बोट लावण्यापलीकडं काही केलं नव्हतं. गार हातांमुळं असेल, असं मी धरून चालले होते.

"नातवालाबी घेतलं न्हाई मी कधी," ते म्हणाले. "बारशाला हात पुढं केले, तवा कापत हुते. सून बोलली न्हाई काय, पर भ्याली. मग मीच सांगून टाकलं, मला लेकरांची आवड न्हाई म्हणून. त्यांनी खरं मानलं." नातू आता वाकडला असतो, बापाच्या खांद्याला लागलाय. सणाला येतो, मोबाइल बघत बसतो.

मी ओवीला पुढं धरूनच उभी राहिले. आण्णा फरशीवर बसले, पाठ भिंतीला नीट टेकवली, मांडी घातली आणि हातावर हात चोळून ऊब आणली. मग मान हलवली. मी ओवीला त्यांच्या हातांत ठेवलं.

त्यांनी दोन्ही कोपरं मांडीवर घट्ट रोवली. ओवीनं जांभई दिली आणि स्वेटरचं बटण धरलं.

"फोटो काढ," ते कुजबुजले.

मी काढला. "पाठवू का तुमच्या मुलाला?"

त्यांनी ओवीवरची नजर काढली नाही. "पाठव. म्हणावं, आण्णांनी लेकरू घेतलंय. पडलं न्हाई म्हणावं."