बुवांचा कृतघ्नपणा मुक्कामी

तेरदाळकर बुवांचा कृतघ्नपणा बुधवारी सकाळच्या एसटीनं मिरजेला आला आणि कवठेकरांच्या घरी उतरला.

बेल वाजली तेव्हा ऋजुता दचकली; पण ती दूधवाल्याच्या बेललाही दचकत असे. दारात पन्नाशीचा, गोरटेला, कडक इस्त्रीच्या झब्ब्यातला गृहस्थ उभा होता. त्यानं बॅग तिच्या हातात दिली, चपलांसकट आत येऊन पंख्याखालची खुर्ची पसंत केली. तीत बाबा बसले होते. ते उठले.

गायकाचे दोष आळीपाळीनं घरी सांभाळायची पद्धत रसिक मंडळात जुनी होती. मैफल जवळ आली की एखादा दोष कुणाकडे तरी मुक्कामाला जाई आणि तेवढे दिवस बुवा त्याच्यावाचून राहत. मागल्या खेपेला राग बर्गे वहिनींकडे होता. त्यांच्या दारांच्या कड्या अजून बसवायच्या होत्या. कृतघ्नपणा मात्र कुणी कधी मागितलाच नव्हता.

"आम्ही तो दोषात धरतच नव्हतो," मंडळाचे चिटणीस पाचलगकाका ऋजुताला म्हणाले होते. "स्वभावात धरत होतो. पण तू म्हणतेस तर ने. फक्त कोंडायचं नाही हं. रुसला तर तडक बुवांकडे परत जातो. रविवारची मैफल होईतो रमव."

ऋजुताला तो रविवारच हवा होता. बाबांनी, म्हणजे श्रीधरराव कवठेकरांनी, उभा जन्म बुवांना पेटीची साथ केली होती. बुवांनी एकदाही स्टेजवरून त्यांचं नाव घेतलं नव्हतं. आता बाबांची बोटं वळत नव्हती. एकदा, मिरजेत, लोकांसमोर ते नाव यावं, एवढंच तिला हवं होतं.

पाहुण्यानं पोहे खाल्ले आणि खोबरं शिळं असल्याचं सांगितलं. तिनं नवा नारळ फोडला. गुरुवारी चहात आलं कमी पडलं म्हणून तो बॅग घेऊन उंबऱ्यापर्यंत गेला. बाबांनीच त्याला हाताला धरून मागे आणलं आणि उशी नीट करून दिली.

"बाबा, तुम्हाला याचा राग नाही येत?"

"कशाला? अगं, इतकी वर्षं गाडीत माझ्या शेजारी हाच तर बसायचा."

"मग कसं सोसलंत?"

"बुवा गायला लागला की शेजारी कोण बसलंय ते विसरायचा." बाबांनी पाहुण्याची कपबशी उचलली. "मीही विसरायचो."

रविवारी पाहुण्याजवळ बाबा थांबले आणि ऋजुता एकटीच नाट्यगृहात गेली. बुवांनी तंबोऱ्यांकडे कान दिला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाले, "गाण्याआधी दोन शब्द."

त्यांनी गुरूंचे आभार मानले. तबलजींचे मानले. हुबळीला गरम पाणी आणून देणाऱ्या हॉटेलवाल्याचे, झब्बे शिवणाऱ्या शिंप्याचे मानले. लोकांचे डोळे पाणावले. मग बुवा म्हणाले, "आणि श्रीधर कवठेकर. त्याच्या पेटीनं मला कितीदा सावरलं, ते तुम्हाला कधी कळूच दिलं नाही त्यानं."

ऋजुता हुंदका देऊन रडली. तिचं रडणं आटोपलं तरी आभार चालू होते. लोक खोकू लागले. तंबोऱ्यावरच्या मुली हात बदलू लागल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "बुवा, आता गा की हो!" बुवांनी त्याचं नाव विचारून घेतलं आणि त्याचेही आभार मानले. शेवटी नाट्यगृहाची वेळ संपली आणि पडदा पडला.

घरी येऊन तिनं सगळं सांगितलं. बाबांनी ते वाक्य तिच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं.

"आणि गायला काय?"

"नाही. आभारच संपले नाहीत."

बाबांनी आत पाहिलं. पाहुणा जेवून त्यांच्या पलंगावर आडवा झाला होता.

"परवा कोल्हापूरला गाणं आहे ना बुवाचं? मग याला उद्या पहिल्या गाडीनं धाडायला हवं."

"पाचलगकाका म्हणाले, हवा तर कायमचा ठेवा. बाबा, प्रत्येक मैफलीत तुमचं नाव घेतील बुवा."

"आणि गातील कधी?"

ऋजुता उठली. पाठ दुखत होती. सकाळच्या पोह्यांची कढई तशीच पडली होती, ती घासायला गेली.

सकाळी स्टँडवर गर्दी होती. बाबांनी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरली. पाहुणा त्या जागेवर बसला, बॅग मांडीवर घेतली आणि काच सरकवली. ऋजुता काचेकडे बघत राहिली. गाडी निघाली. त्यानं मान वळवली नाही. बाबा हात हलवत राहिले.

"रुमाल गाडीतच राहिला, बाबा."

"राहू दे. गाताना घाम फार येतो बुवाला."