गाडा वाऱ्यानं पडला

"सदर गाडा वाऱ्याने पडला असावा," मंगलच्या अभिमन्यू वकिलानं विजयसिंहदादांच्या कोर्टातल्या जबाबातलं वाक्य वाचलं आणि कागदावरून डोळे काढून मंगलकडं पाहिलं.

"वाऱ्यानं?" मंगल एवढ्या जोरात ओरडली की बीडच्या कोर्टाच्या आवारातली निम्मी माणसं वळून बघायला लागली. "आन् माजा हात? त्योबी वाऱ्यानंच मोडला का?"

"हात पडताना मोडला असावा, असं पुढं लिहिलंय. त्या दिवशी दादांची गाडी बंगल्यात उभी होती, डायव्हर सुट्टीवर होता आणि दादा देवपूजा करत होते."

आता ऐका, खरं काय झालं होतं ते. उमापूरच्या फाट्यावर, पाटाच्या कडेला मंगलचा भज्यांचा गाडा. भर दुपारी विजयसिंहदादांची पांढरी गाडी वळणावर सुटली, थेट गाड्यावर आली, आणि गाड्याचा चुराडा करून पाटाच्या काठावर थांबली. चालवत होते स्वतः दादा. खाली उतरले, कपड्यांवरचं बेसन झटकलं, "मिटवून टाकू, मंगलबाई," म्हणाले आणि निघून गेले. मिटलं काहीच नाही. दादांचं लायसन कधीच संपलेलं आणि त्यांची झेडपीची निवडणूक तोंडावर. मग काय, गाडी बंगल्यातच होती!

मंगलला भरपाई हवी होती हे खरंच. नवा गाडा उभा केल्याशिवाय चूल पेटणार नव्हती. पण त्याहून जास्त तिला 'वारं' झोंबलं होतं. सगळ्या गावादेखत धडक मारायची आणि नाव वाऱ्याचं घ्यायचं?

"साक्षीदार आणा," वकील म्हणाला. "कुणीतरी पाहिलं असेलच."

पाहिलं होतं हो, सगळ्यांनी! धडक बसली तेव्हा गाड्यापुढं भजे खाणाऱ्यांचा घोळका होता. मंगल पहिल्यांदा गेली पानटपरीवाल्या बजरंगकडं.

"वैनी, मी तंबाखू मळत होतो. मान खाली. वर बघितलं तर गाडा पडलेला," बजरंग म्हणाला.

"आरं, तूच मला उचलून दवाखान्यात नेलंस की!"

"नेलं ना. पण मान खालीच होती."

मग हरिबा. "मला लांबचं न्हाई दिसत बाई," तो म्हणाला. हा हरिबा, पार पाटापलीकडं चरणारी म्हैस कुणाची हे बसल्या जागेवरून सांगणारा माणूस! बाकीचे तर त्या दिवशी गावातच नव्हते. कुणी आष्टीला गेलतं, कुणी सासुरवाडीला गेलतं. भजे बहुतेक वाऱ्यानंच खाल्ले असावेत.

गावाला मात्र चेष्टेला विषय मिळाला. "मंगलबाई, आज वारं हाय का?" येताजाता पोरं विचारायची. नवरा गहिनीनाथ हात जोडून म्हणायचा, "सोड आता. मोठ्या लोकांच्या नादी कावून लागती?"

"मोठे हायत तर मोठ्यानं खरं बोलावं," मंगल म्हणायची आणि डाव्या हातानं भाकरी थापायची. त्या भाकरीला चार कोपरे यायचे. गहिनीनाथ निमूटपणे खायचा बिचारा.

अशात चैत्रात दादांच्या घरून निरोप आला. दादांची आई छबुबाई नवस फेडायला सवाष्णी जेवू घालणार होती. गावजेवणही होतं आणि मंगलला खास बोलावणं होतं.

"जाऊ नगंस," गहिनीनाथ घाबरला. "साडीचोळी देत्याल आन् सही घेत्याल. डाव हाय ह्यो."

"काकू डाव करणाऱ्यातल्या न्हाईत," मंगल म्हणाली. "आन् पुरणपोळीनं काय माजं वाईट केलंय?"

दादांच्या अंगणात सगळं गाव पंगतीला बसलं होतं. बजरंग होता, हरिबा होता, सासुरवाडीला गेलेलेही होते. दादा पांढरेशुभ्र कपडे घालून वाढायला उभे. मंगलला बघून ते तुपाची वाटी घेऊन घाईनं पुढच्या पानाकडं वळले. छबुबाईंनी मात्र तिला हाताला धरून पहिल्या पाटावर बसवलं, हळदीकुंकू लावलं आणि भरगच्च ओटी भरली.

मंगल हुशार. तिनं आवाजात साखर घोळून विचारलं, "काकू, एवढा मान दिला, पण नवस कावून बोलला व्हता ते तर सांगा. सवाष्णीला कळाया पायजे."

"आई, पंगत खोळंबली," दादा घाईनं म्हणाले.

"खोळंबू दे. नवस सांगितल्याबिगर फिटत न्हाई." छबुबाई पंगतीकडं वळल्या. "माजं लेकरू गाडीसकट पाटात गेलंच व्हतं बाई. त्यानंच फोन केला मला, 'आई, मंगलबाईचा गाडा आडवा आला म्हणून वाचलो.' तवाच आई भवानीला बोलले, गाडा जिचा तिची ओटी भरीन."

अख्खी पंगत पुरणपोळीचा घास तोंडात धरून थिजली. बजरंगची मान खरंच खाली गेली.

"काकू, हे कोर्टात सांगाल?" मंगलनं विचारलं.

"देवीम्होरं सांगितलं ते कोर्टाम्होरं सांगायला काय धाड भरली?"

दादांनी नंतर आईला किती समजावलं असेल ते देवीलाच ठाऊक. पण तारखेला छबुबाई नऊवारी नेसून साक्षीला हजर. मागं गाव लोटलेलं, कारण दादांच्या आईची साक्ष कोण चुकवणार!

"आजी, तुम्ही तिथं नव्हता," दादांच्या वकिलानं दरडावलं. "असा फोन तुमच्या मुलानं केलाच नाही."

छबुबाईंनी त्याच्याकडं बघितलंसुद्धा नाही. त्या थेट लेकाला म्हणाल्या, "विजू, फोन केला न्हाईस? मंग मी नवस कशाचा फेडला? सारं गाव जेवू घालून मी देवीला फसवलं व्हय रे?"

दादांनी वकिलाकडं पाहिलं, गावाकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. कोर्टाशी खोटं बोलता येतं, मतदारांशीही येतं. पण आईचा नवस भरल्या कोर्टात खोटा पाडायची छाती कुणाची?

दादा उभे राहिले. "गाडी माझीच होती साहेब. चालवत मीच होतो."

मंगलच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. भरपाईचा हुकूम पुढं रीतसर झाला, पण ती जिंकली त्याच क्षणी.

बाहेर व्हरांड्यात बजरंग सगळ्यांना सांगत होता, "मी तर पयल्यापासून म्हणत व्हतो, पांढरी गाडी! माज्या डोळ्यानं बघितली!" हरिबाला तर गाडीचा नंबरही पाठ निघाला.

तेवढ्यात छबुबाई मंगलजवळ आल्या, तिचा दुखरा हात हातात घेतला आणि हळूच म्हणाल्या, "पोरी, नवा गाडा चांगला लोखंडी घे. आन् जागा तीच धर. ह्यो काय गाडी चालवायची सोडणार न्हाई."

"धरते की काकू," मंगल म्हणाली. "पण दादाला म्हणावं, भजे खायचे आसतील तर चालत यावं!"