स्वयंपाक्याच्या बदल्यात रिसीव्हर

शुक्रवारी दुपारी आखातातल्या रुवीत कंपनीच्या मेसमध्ये सुरमईच्या कालवणाऐवजी कोपऱ्यावरच्या हॉटेलातली डाळ आणि अरबी रोटीसारखा खुबूस टेबलावर आला, तेव्हा सगळ्यांनी एकाच माणसाकडे पाहिलं. लहू खेडेकर मान खाली घालून खुबूस तोडत होता. मान खाली होती ती शरमेने नव्हे. खुबूस शिळा होता आणि तोडताना लक्ष द्यावं लागत होतं.

"लहूभाऊ," स्टोअरचा साई म्हणाला, "आपला रामकृष्ण आत्ता काय करत असेल?"

"सुरमई तळत असेल. इब्रीत."

"आणि आपण?"

"आपण टीम बांधतोय. टीमसाठी त्याग करावा लागतो, साई."

लहू हा कंपनीच्या रुवी गोदामाचा सुपरवायझर. कंपनी एसीचे सुटे भाग विकते. मालकांचा मुलगा नुमान अमेरिकेत शिकून परत आला तेव्हा येताना एक लांबोडका चेंडू घेऊन आला, आणि त्या हिवाळ्यात कंपनीच्या सगळ्या शाखांमध्ये फ्लॅग फुटबॉलची स्पर्धा लागली. खेळ साधा होता. एका संघात पाच जण, प्रत्येकाच्या कमरेला दोन पट्ट्या. एकाने चेंडू लांब फेकायचा, दुसऱ्याने तो हातात झेलून पलीकडच्या रेषेपर्यंत पळायचं. वाटेत कुणी पट्टी ओढली किंवा चेंडू जमिनीवर पडला की तो डाव संपला. झेलून पळणाऱ्याला रिसीव्हर म्हणतात. रुवीचा रिसीव्हर साई होता, आणि साईच्या हातात आजवर पगाराशिवाय काहीही टिकलं नव्हतं.

लहू कर्णधार होता. हा खेळ त्याने पूर्वी कधी पाहिला नव्हता, पण नुमानने जमेल का विचारल्यावर तो म्हणाला होता, "त्यात काय आहे." कंटेनर उतरवून घेण्यापासून गणपतीची आरास करण्यापर्यंत प्रत्येक कामाला त्याचं हेच उत्तर असे, आणि बऱ्याचदा ते खरंही ठरे.

इब्री शाखेचे मॅनेजर अतुल सामंत यांच्याकडे केयूर राणे नावाचा देवगडचा मुलगा होता. टेनिस बॉल क्रिकेटमध्ये त्याने झेल सोडलेला कुणी पाहिला नव्हता. लहूने फोन केला.

"सामंतसाहेब, पोरगा झेल सोडतो का?"

"मी तरी पाहिलेला नाही."

"मग द्या की आम्हाला."

"देतो. बदल्यात तुमचा स्वयंपाकी रामकृष्ण द्या. इकडे समुद्र लांब, माशाची चव विसरलोय आम्ही."

अमेरिकेत खेळाडूंची अशीच अदलाबदल होते म्हणून नुमान खूश झाला आणि त्याने तिथल्या तिथे मंजुरी दिली. वर एक बक्षीसही जाहीर केलं. जी शाखा स्पर्धा जिंकेल तिने कुठल्याही शाखेतला कुठलाही एक माणूस मागून घ्यावा.

लहूचा हिशेब सरळ होता. केयूर घ्यायचा, स्पर्धा जिंकायची, बक्षिसात रामकृष्ण परत मागायचा. मेसला आठवडाभर कळ काढायची होती. हरलो तर काय, असं साईने विचारलं होतं. लहूने तो प्रश्न गैरलागू ठरवला होता.

त्या शुक्रवारीच संध्याकाळी केयूर इब्रीच्या बसमधून उतरून थेट गोदामात आला. उंच, सडपातळ, खांद्याला बॅग. लहूने नमस्कार-चमत्कार केले नाहीत. टेबलावरचा किल्ल्यांचा जुडगा उचलून त्याच्यावर फेकला.

केयूरने तो डाव्या हाताने सहज झेलला. लहूने चिकटपट्टीचं भेंडोळं फेकलं. तेही झेललं. साईने मागून पुठ्ठ्याचा खोका टाकला, तर केयूरने वळून तोही धरला. परीक्षा इथेच संपली. प्रत्येक झेलानंतर केयूर हातातली वस्तू मान न वळवता डाव्या खांद्यावरून मागे उंच उडवत होता, हे सगळ्यांना दिसलं. किल्ल्या त्यामुळे कॉम्प्रेसरच्या पेट्यांमागे गेल्या आणि गोदाम बंद करायला उशीर झाला.

"ती त्याची स्टाईल आहे," लहू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वादीतल्या, म्हणजे कोरड्या नदीपात्रातल्या, मैदानावर सराव सुरू झाला. चेंडू फेकायचं काम तृप्ती मेश्रामकडे होतं. ती नागपूरची, कंपनीत क्वालिटी इंजिनियर. तिला मेसमधून डबा जाई, त्यामुळे रामकृष्णाच्या बाबतीत तिचंही मत तयार होतं.

तिने लांब फेक टाकली. केयूर धावला, झेपावला, आणि बोटांच्या टोकांवर चेंडू धरला. साईच्या तोंडून आपोआप "वा" निघालं. समोर रेषेपर्यंत रान मोकळं होतं. केयूर थांबला. त्याने चेंडू खांद्यावरून मागे उडवला, दोन्ही हात वर केले, आणि टाळ्या द्यायला कोण येतंय ते पाहू लागला.

चेंडू जमिनीवर पडला. डाव संपला.

"पळायचं ना रे," लहू म्हणाला.

"कशाक?"

"कशाला म्हणजे? रेषा तिकडे आहे."

"कॅच घेतलंय ना मी?" केयूर शांतपणे म्हणाला. "मगे झाला. बॅट्समन आऊट झालो."

तृप्तीने कमरेवर हात ठेवले. "लहूदादा, तुम्ही इब्रीला नेमकं काय विचारलं होतं?"

"झेल सोडतो का, ते."

"आणि झेलल्यावर काय करतो, ते?"

लहू चेंडू उचलून आणायला गेला. प्रश्न अपुरा होता हे त्याला कळलं होतं. सामंतांनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं, हेही कळलं होतं.

केयूर समजूतदार होता. नियम त्याने ऐकले, मान डोलावली, स्वतः म्हणून दाखवले. पुढच्या फेकीला पुन्हा चेंडू खांद्यावरून मागे. "हाताक सवय आसा," तो म्हणाला. "माका कळता, पण हाताक कळणा नाय."

लहूने उपाय काढला. हातातली वस्तू फुटणारी असली तर कोण वर उडवेल? मेसमध्ये स्वयंपाकी नसल्यामुळे अंडी भरपूर आणून ठेवली होती. तो ट्रे घेऊन आला आणि लांबून एकेक अंडं हळूच केयूरकडे टाकू लागला. केयूरने प्रत्येक अंडं झेललं, खांद्यावरून वर उडवलं, फुटेल म्हणून दचकला, आणि गर्रकन वळून पुन्हा झेललं. एकही फुटलं नाही. फुटलं असतं तर निदान एक सवय मोडली असती. आता एकाच्या दोन झाल्या.

"यल्ला, चला, पुढचा उपाय," साई म्हणाला. "की रामकृष्णाला फोन करू?"

उपाय तृप्तीला सुचला. ती बराच वेळ केयूरकडे पाहत होती. त्याची प्रत्येक उडवणी डाव्या खांद्यावरून, तेवढ्याच उंचीची, तेवढ्याच अंतरावर पडणारी. तिने नुमानला फोन लावून विचारलं, झेललेला चेंडू मागे उभ्या असलेल्या साथीदाराकडे टाकला तर चालतो का? नुमान म्हणाला, मागे टाकला तर चालतो. तृप्तीने फोन खिशात ठेवला.

"सवय राहू द्या," ती म्हणाली. "सवयीच्या खाली माणूस उभा करू."

"कोण?" साईने विचारलं.

सगळ्यांनी पुन्हा एकाच माणसाकडे पाहिलं.

"त्यात काय आहे," लहू म्हणाला.

लहूचं वय बेचाळीस, पोट त्याच्या थोडं पुढे. पण योजना चालली. केयूर झेले, चेंडू मागे उडे, लहू तो दोन्ही हातांनी आणि पोटाने मिळून धरे आणि धापा टाकत रेषेकडे सुटे. केयूरच्या झेलाकडे पाहत उभे राहिलेले विरोधक भानावर येईपर्यंत लहू पोचलेला असे. सोहार शाखा अशी हरली. सलालाचा संघ विमानाने आला आणि असाच हरून गेला. नुमानने खास येऊन लहूची पाठ थोपटली. अशी चाल अमेरिकेतही पाहिली नाही, असं तो म्हणाला. लहूने ते मेसमध्ये तीनदा सांगितलं. चौथ्यांदा साईने त्याच्यापुढे खुबूस सरकवला.

अंतिम सामना इब्रीशी पडला.

सामंत संघाबरोबर आले होते. त्यांची तब्येत सुधारलेली दिसत होती. मैदानाच्या कडेला रामकृष्णही उभा होता, हातात झाकलेला मोठा डबा.

"काय रे, कसं आहे तिकडे?" लहूने त्याला विचारलं.

"बरं आहे. पण इथल्यासारखं नाही, लहूभाऊ. मत्रहच्या बंदरावर पहाटे मासळी घ्यायला जायचो ना, तसं काही नाही तिथं. बर्फातलं आणतात, बर्फातलं खातात."

"नेतो तुला परत."

"कधी?"

"आज."

खेळ सुरू झाला आणि पहिल्याच चालीत लहूच्या लक्षात आलं की गडबड आहे. केयूर मोकळा होता, त्याच्याजवळ कुणी फिरकलंही नाही. इब्रीचे सगळे जण लहूभोवती उभे होते. केयूरने झेलला, उडवला, आणि चेंडू इब्रीच्या एका फिटरने आरामात पकडला. तो पळत गेला आणि गुण घेऊन आला.

"आमचा मुलगा आहे तो," सामंत मैदानाच्या कडेवरून म्हणाले. "त्याची सवय आम्हाला माहीत नसेल का? उगाच दिला होय?"

पुढे रुवीने पळून पळून कसाबसा एक गुण मिळवला. बरोबरी झाली. शेवटची चाल रुवीची होती, आणि पलीकडची रेषा लांब होती. तिच्या दोन्ही टोकांना नारिंगी रंगाचे प्लास्टिकचे शंकू ठेवले होते.

"सामंतांना सगळं माहीत आहे," लहू दम खात म्हणाला. "ते पुन्हा मलाच घेरणार."

"घेरू द्या," तृप्ती म्हणाली. ती केयूरला नव्याने पाहत असल्यासारखी पाहत होती. "केयूर, एक विचारते. नो-बॉलवर कॅच घेतलास तर?"

"तर काय? आऊट नाय."

"मग काय करतोस?"

"बॅट्समन धावत आसता. बॉल घेऊन स्टम्पाकडे पळूचा, रन-आऊट करूचा." एवढंही ठाऊक नाही का, असा त्याचा चेहरा झाला.

"ठीक आहे. जा आपल्या जागेवर."

चाल सुरू झाली. इब्रीच्या पाचही जणांनी लहूभोवती कडं केलं. तृप्तीने हात मागे घेतला, शक्य तेवढा लांब चेंडू फेकला, आणि चेंडू हवेत असताना सबंध वादीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडली, "नो-बॉल."

केयूरने झेलला. हात सवयीने खांद्याकडे गेला आणि मध्येच थांबला. त्याने मान वर केली, समोरचा नारिंगी शंकू पाहिला, आणि तो सुटला. कुठला तरी अदृश्य फलंदाज आणि तो यांच्यात ती शर्यत होती, आणि फलंदाज फार जवळ पोचलेला असावा, असं केयूरच्या धावण्यावरून वाटत होतं. इब्रीवाले लहूला सोडून वळेपर्यंत उशीर झाला होता. केयूर रेषेवर झेपावला आणि हातातल्या चेंडूने शंकू आडवा केला.

"हाऊज दॅट," तो पडल्या पडल्या पंचांना म्हणाला.

पंच नुमानच होता. त्याने दोन्ही हात वर करून गुण दिला. केयूरला तो सिक्स वाटला आणि त्याने वाद घातला, पण तोवर साईने त्याला खांद्यावर घेतलं होतं.

बक्षीस समारंभ तिथेच झाला. नुमानने लहूला विचारलं, कोण हवं?

"रामकृष्ण," लहू म्हणाला. मेसने टाळ्या वाजवल्या. तृप्तीनेही वाजवल्या. रामकृष्णाने डबा दुसऱ्या हातात घेतला.

"तमाम, ठीक है," नुमान म्हणाला. "और बदले में?"

"बदल्यात?" लहू म्हणाला. "हे तर बक्षीस आहे."

"ट्रेड में देना भी होता है, लहू."

सामंत पुढे आले. "आमचा केयूर परत द्या."

"तो नाही," साई, तृप्ती आणि गोदामातले सगळे एकदम म्हणाले. मग ते बाजूला जाऊन कुजबुजले. लहू बुटात गेलेला खडा काढत होता. खडा निघेपर्यंत निर्णय झाला होता.

"लहूभाऊ," साई जवळ येऊन मऊ आवाजात म्हणाला, "तुम्हीच म्हणाला होतात. टीमसाठी त्याग करावा लागतो."

लहूने तृप्तीकडे पाहिलं. तृप्ती रामकृष्णाच्या डब्यात काय आहे ते पाहत होती.

"खलास," नुमान म्हणाला आणि त्याने लहू आणि सामंत दोघांशीही हात मिळवला.

पुढच्या शुक्रवारी रुवीच्या मेसमध्ये मत्रहची ताजी सुरमई शिजली. साईने फोटो पाठवला. तो लहूच्या फोनवर आला तेव्हा लहू बॅग घेऊन इब्रीच्या मेसच्या दारात उभा होता. आत टेबलावर मेसमध्येच शिजवलेली डाळ होती आणि शेजारी हॉटेलातला खुबूस.

सामंतांनी नमस्कार-चमत्कार केले नाहीत. ताटातलं लिंबू उचलून त्यांनी लहूवर फेकलं.

लिंबू लहूच्या हाताला लागून पोटावर आपटलं आणि पायरीवरून गडगडत बाहेर गेलं.

मेसमधल्या सगळ्यांनी ते जाताना पाहिलं. सामंतांनी उसासा टाकला.

"निदान स्वयंपाक येतो का?"

लहूने बॅग खाली ठेवली आणि बाह्या सरसावल्या.

"त्यात काय आहे," तो म्हणाला.

रात्री इब्रीच्या मेसमध्ये पुन्हा हॉटेलातून खुबूस आला. या वेळी डाळही हॉटेलातलीच होती. मेसमधलं करपलेलं पातेलं बाहेर भिजत घातलं होतं.